रिमॅपनंतर घोडबंदरच्या चढावर गाडी वारंवार लिंप मोडमध्ये जाते: कोड उडवून भागत नसेल तर काय तपासायचं

लक्षण ठरलेलं आहे. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, स्टेज वन रिमॅप (हार्डवेअर न बदलता इंजिनाच्या सॉफ्टवेअरचा मॅप बदलून ताकद वाढवणं), पहिले महिना-दोन महिने गाडी झकास पळते. मग एखाद्या संध्याकाळी माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत रखडत आल्यावर गायमुखच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की दोन-अडीच हजार आरपीएमला ओढ एकदम मरते. चेक इंजिनचा दिवा लागतो, बिघाडाचा कोड नोंदला जातो आणि गाडी टर्बो नसल्यासारखी चढ चढते. बाजूला घेऊन इग्निशन बंद-चालू केलं की सगळं पूर्ववत होतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मुंब्रा बायपासवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापेच्या चढाला लागतानाही हाच अनुभव येतो, कारण परिस्थिती सारखीच असते: आधी संथ ट्रॅफिक, लगेच चढ, वर चालू एसी.

लिंप मोड हा बिघाड नव्हे. मागितलेलं आणि मिळालेलं यात ठरावीक मर्यादेपलीकडे तफावत दिसली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि थ्रॉटल छाटून इंजिन वाचवतो. कंपनीचा मॅप खराब पेट्रोल, ४५ अंशांचा उन्हाळा, झिजलेले प्लग आणि ढिली क्लिप हे सगळं एकाच दिवशी जमून आलं तरी गाडी चालावी, इतकी राखीव जागा ठेवून बनवलेला असतो. रिमॅपची ताकद याच राखीव जागेतून येते. म्हणून जी ढिली क्लिप मूळ मॅपवर वर्षभर कळलीही नसती, ती आता दर आठवड्याला दिवा लावते. कोड परत येतो याचा अर्थ कुठली तरी एक राखीव जागा पूर्ण संपली आहे. ती कोणती, एवढंच शोधायचं.

कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या

सर्वांत जास्त नुकसान घाईने कोड उडवल्यामुळे होतं. कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय), वेग. कोड उडवला की ही नोंदही जाते. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर ती वाचता येते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

पी०२९९ म्हणजे बूस्ट मागितला त्यापेक्षा कमी मिळाला. पी०२३४ म्हणजे जास्त मिळाला. पी०३०० हा कुठल्याही एका सिलिंडरला न बांधलेला मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं), तर पी०३०१ ते पी०३०४ त्या-त्या सिलिंडरचे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी००८७ म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी. मिसफायर आणि कमी बूस्ट हे दोन्ही कोड एकत्र आले तर आधी मिसफायर सोडवा. मिसफायरमुळे टॉर्क पडतो आणि कित्येक ईसीयू त्यावर बूस्टही कापतात.

यासोबत चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. ठरावीक आरपीएमलाच होतं का? ट्रॅफिकनंतरच होतं का? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? टाकी भरल्यावर सुरू झालं का? पहिल्याचं उत्तर होय असेल तर बूस्टची गळती किंवा वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप), दुसऱ्याचं असेल तर उष्णता, तिसऱ्याचं असेल तर कॉइल आणि वायरिंग, चौथ्याचं असेल तर इंधन. निदानाचा अर्धा रस्ता इथेच कापला जातो.

बूस्टची गळती

पी०२९९ वारंवार येत असेल तर टर्बोवर संशय घेण्याआधी होज तपासा. टर्बोच्या तोंडापासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा) आणि तिथून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा मार्ग म्हणजे रबरी होज, प्लास्टिकचे जोड, ओ-रिंग आणि क्लिपा. मूळ मॅपवर ०.७ बारच्या आसपास काम करणारा जोड रिमॅपनंतर १.२ बार सोसत असतो.

उभ्या गाडीवर नुसतं डोळ्यांनी बघून गळती सापडत नाही, कारण आयडलला तिथे दाबच नसतो. एअर फिल्टरच्या बाजूने टर्बोचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने ०.३ बारपासून हवा सोडा. हळूहळू ०.८ ते १ बारपर्यंत न्या, त्यापुढे नको. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी झडप) वाटेने दाब क्रँककेसमध्ये शिरला तर ऑइल सील उचकटतात, म्हणून ऑइलचं झाकण ढिलं ठेवा आणि पीसीव्हीची नळी वेगळी करून बंद करा. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. सर्वाधिक गळती इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीवर, थ्रॉटल बॉडीजवळच्या होजवर आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या (पाय सोडल्यावर जादा दाब वळवणारी झडप) फाटलेल्या पडद्यात सापडते. स्मोक मशिन असेल तर उत्तमच, पण धुराचा दाब फार कमी असतो. दाबाखालीच उघडणारी चीर त्यात निसटू शकते.

होज काढलाच आहे तर त्याचं टोक उजेडात धरून बघा. आतल्या बाजूला ऑइलचा पातळ थर असणारच. टर्बो गाडीत पीसीव्हीमधून येणारी ऑइलची वाफ तिथे साचते आणि थोडासा थर बिघाड नाही. मात्र त्या थरावर क्लिपचा पट्टा जिथे बसतो तिथे एकाऐवजी दोन खुणा, दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने, दिसत असतील तर होज दाबाखाली मागे सरकतोय आणि दाब गेला की तिथेच अडकून राहतोय. बाहेरून क्लिप घट्टच दिसते. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा आणि स्क्रूच्या क्लिपऐवजी त्या मापाची टी-बोल्ट क्लॅम्प लावा. स्क्रूची क्लिप आणखी आवळली तर रबर कापलं जातं आणि पुढच्या महिन्यात चीर पडते.

इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदीर हा खरा शत्रू आहे. वेस्टगेट किंवा बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची बोटाहून बारीक व्हॅक्यूम नळी कुरतडली की बूस्ट कधी कमी, कधी जास्त, आणि पी०२९९ व पी०२३४ आळीपाळीने येतात. हे दोन कोड जोडीने दिसले तर आधी ही नळी बोटांनी चाचपून बघा.

प्लग आणि कॉइल

बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही तर ठिणगी विझते. चालकाला नेमक्या भरपूर टॉर्कच्या जागी गचका जाणवतो. मूळ गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असेल तर रिमॅपवर ०.६ ते ०.६५ ठेवा. मोजायला तारेचा गेज वापरा आणि इरिडियमच्या बारीक टोकाला हात लावू नका. फक्त बाहेरची पट्टी वाकवायची.

हीट रेंज (प्लग स्वतःची उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो ते) एक पायरी थंड घेणं बहुतेक स्टेज वनला पुरतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानदाराने ‘एक नंबर वरचा’ दिला आणि प्लग बॉशचा असेल, तर तुम्ही नेमकी उलटी गोष्ट केलीत.

कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत. पी०३०२ येत असेल तर दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. कोड तिथेच राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

काढलेले प्लग फेकण्याआधी भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर काळे मिरीसारखे ठिपके, किंवा त्याहून वाईट म्हणजे चमकणारे बारीक रुपेरी कण दिसले, तर नॉकमुळे (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटल्याने) पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम सुटायला लागलेलं आहे. अशी गाडी त्याच दिवशी मूळ मॅपवर न्या. पुढची तपासणी नंतर.

इंधन

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉल जळायला हवेच्या प्रमाणात जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधनाचं रासायनिक गुणोत्तर १४.७ तर ई२० चं सुमारे १३.५. म्हणजे या दोन्हींच्या मधल्या, १० टक्के इथेनॉलच्या ई१० वर जुळवलेल्या मॅपला त्याच हवेसाठी साधारण ४ ते ५ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. त्यामुळे लाँग टर्म ट्रिम +५ च्या आसपास गेली तर घाबरू नका. +१० ओलांडली तर गळती, फिल्टर किंवा पंप बघा. पूर्ण थ्रॉटलला रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब एकाच आलेखावर घ्या. चार हजारांच्या पुढे प्रत्यक्ष रेषा खाली वाकायला लागली तर पंपाची मर्यादा आली, आणि तिथे मॅपच कमी करावा लागतो. १०० ऑक्टेनवर बनवलेला मॅप साध्या पेट्रोलवर एकदाही चालवू नका, ‘आजच्या दिवस’ म्हणूनसुद्धा नाही.

उष्णता: इथल्या रस्त्यांवरचं खरं कारण

डायनोवर (ताकद मोजणारं रोलरचं यंत्र) गाडी सकाळी, समोर मोठा पंखा लावून, एकेक खेच (पूर्ण थ्रॉटलची धाव) घेऊन मोजतात. घोडबंदर रोडवर मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता तशी हवा नसते. म्हणून डायनोचा कागद बरोबर असतो आणि गाडीही खरोखर लिंप मोडमध्ये जाते.

आकडे बघा. बाहेर ३५ अंश, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरू. ०.७ बार बूस्टला टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे १०७ अंशांची होते, १.२ बारला सुमारे १४६. इंटरकूलरने वाढलेल्या उष्णतेतली ७० टक्के काढली तरी इंजिनात जाणारी हवा अनुक्रमे ५७ आणि ६८ अंशांची. हे वाऱ्यावर धावणाऱ्या गाडीचं गणित झालं. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली ५० अंशांची हवा फिल्टरमध्ये शिरते, आणि इंटरकूलरवर वारा येत नसल्याने तो स्वतःच तापून बसलेला असतो. मग चढ आला की पहिल्या पाच सेकंदांत नॉक सुरू होतो, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, टॉर्क पडतो, चालक पाय आणखी दाबतो.

तपासायचं असं: इनटेक एअर टेम्परेचर आणि प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे घेतली ते) लॉग करत एकामागून एक तीन खेची घ्या. पहिली चांगली दिसणारच, तिसरी बघा. एखाद-दुसरा अंश रिटार्ड येऊन गेला तर ठीक. तिसऱ्या खेचीत ४-५ अंश आणि तेही एकाच सिलिंडरवर टिकून असेल तर मॅप या शहरासाठी बनलेला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी शंभरच्या घरात जाते, म्हणून हे काम डायनोवरच करा. पाम बीच रोड ही त्याची जागा नाही, रात्रीही नाही.

उपाय स्वस्तातून महागाकडे जा. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या फटींतली माती कमी दाबाच्या पाण्याने धुवा. ठाणे आणि नवी मुंबईत बांधकामाची धूळ एवढी आहे की दर पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं. बंपरमागच्या हवेच्या दिशादर्शक प्लास्टिक पट्ट्या आणि इंजिनखालचं कव्हर जागेवर आहे का बघा. डेंटिंगच्या कामात ते हमखास गायब होतं आणि हवा इंटरकूलरला वळसा घालून निघून जाते. त्यानंतर मोठा इंटरकूलर. सगळ्या बदलांमध्ये इंजिनाचं आयुष्य वाढवणारा बदल हाच, आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

टॉर्क कुठे वाढवला आहे, हे विचारा

रिमॅपच्या जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठा असतो. मोडतोड मात्र कमी आरपीएमच्या टॉर्कमुळे होते. १८०० आरपीएमला २५० न्यूटन मीटर म्हणजे फक्त ६४ पीएस. ५००० ला २०० न्यूटन मीटर म्हणजे १४२ पीएस. दुसऱ्या आकड्याने गाडी वेगवान होते, पण कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि क्लच यांच्यावर जास्त ताण पहिल्यानेच येतो, कारण सिलिंडरमधला दाब टॉर्कच्या प्रमाणात वाढतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला याच १५०० ते २५०० च्या पट्ट्यात एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) होतो. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एकच जोरदार झटका पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तोडू शकतो. म्हणून या गाड्यांत एपीआय एसपी दर्जाचं ऑइलच घाला. २०२० पासूनच्या या दर्जात एलएसपीआयची चाचणी सक्तीची आहे. कंपनीने सांगितलेली ग्रेड सोडू नका, फक्त बदलायचं अंतर १५ हजारांवरून साडेसात हजारांवर आणा. आणि उंच गिअरमध्ये, कमी आरपीएमला पूर्ण पाय दाबून चढ चढू नका. एक गिअर खाली घ्या.

ट्यूनरकडून एवढी लेखी कबुली घ्या: २५०० आरपीएमखाली टॉर्क मूळपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त नाही. यावर जो कां-कूं करतो, त्याच्याकडून मॅप घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लचचा हिशेबही इथेच येतो. नवा क्लच इंजिनाच्या टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीड पट पेलतो. १७५ न्यूटन मीटरच्या गाडीत २५० मागितले म्हणजे ४३ टक्के वाढ. नव्या क्लचचीही राखीव जागा जवळपास संपली. आणि कापूरबावडीच्या सिग्नलला हाफ क्लचवर झिजलेल्या क्लचला ती नसतेच. चाचणी सोपी आहे: चौथा गिअर, २००० आरपीएम, मोकळा चढ, पूर्ण पाय. काटा झपकन वर गेला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. एकदाच करा, दोनदा नको.

ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सची मर्यादा आधी वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआयमध्ये इंजिन २५० न्यूटन मीटर देतं आणि त्यासोबतचा ड्राय क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० हा २५० न्यूटन मीटरचाच आहे. तिथे कागदावर राखीव जागा शून्य. ट्रॅफिकमध्ये तापलेल्या ड्राय क्लचवर ३०० न्यूटन मीटर टाकणं म्हणजे क्लच पॅकचा खर्च लवकर ओढवून घेणं, एवढंच.

बाकीच्या बदलांबद्दल थोडक्यात

ट्यूनिंग बॉक्स सेन्सरला खोटं वाचन दाखवून ईसीयूकडून जास्त बूस्ट काढतो. म्हणजे संरक्षण देणाऱ्यालाच आंधळं करतो. वारंवार लिंप मोड येत असेल आणि असा बॉक्स लावलेला असेल, तर तो काढूनच तपासणी सुरू करा. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल एमएएफच्या (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) तारेवर बसतं आणि हवेचं मोजमाप चुकतं. एमएएफ क्लीनरने धुऊन दोन दिवस चालवून बघा. उघडा पॉड फिल्टर बॉनेटखालची गरम हवा खातो आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकवतो. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह एमएएफ असलेल्या गाडीत गिअर बदलताना मिश्रण दाट करतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की पी०४२० येतो, आणि तो कोड सॉफ्टवेअरने दाबला तरी धूर दाबला जात नाही.

बीएस६ डिझेलमध्ये लिंप मोडचं कारण बहुतेक वेळा डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) असतं. जास्त इंधनाचा मॅप जास्त काजळी करतो आणि शहरातल्या वाहतुकीत रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) पूर्ण होत नाही. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर त्यात डिझेल मिसळतंय. ऑइल लगेच बदला. डीपीएफ पोकळ करून घेणं हा उपाय नाही.

कायद्याची बाजूही जोखमीतच धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी समोर येतो. वॉरंटी शिल्लक असेल तर ईसीयूमध्ये पुन्हा प्रोग्रॅम केल्याची नोंद राहू शकते, मूळ मॅप परत टाकला तरी.

दुरुस्ती टिकली का, हे असं बघा

एका वेळी एकच गोष्ट बदला. होज, प्लग आणि मॅप एकाच दिवशी बदलले तर कारण कधीच कळत नाही. बदलानंतर कोड उडवा, बॅटरी काढू नका, आणि ट्रॅफिक, चढ व एक्सप्रेसवे असं सगळं मिळून किमान ३०० किलोमीटर चालवा. दिवा लागलेला नसला तरी पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड वाचा. रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण झाले आहेत का बघा, कारण ते अपूर्ण असताना कोड नसण्याला काही अर्थ नाही. त्यानंतर पुन्हा तीन खेचींचा लॉग घ्या आणि आधीच्या लॉगशेजारी ठेवा: तिसऱ्या खेचीचं इनटेक तापमान, नॉक रिटार्ड, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट. बूस्टची तफावत ०.१ बारच्या आत आली असेल आणि रिटार्ड दोन अंशांखाली असेल तर काम झालं. तफावत तशीच असेल आणि गळती, व्हॅक्यूम नळी, सोलेनॉइड सगळं ठीक ठरलं असेल, तर मूळ मॅप टाकून डायनोवर तीच चाचणी घ्या. मूळ मॅपवरही पी०२९९ आला तर आता टर्बो उघडा: शाफ्टची ढिलाई, वेस्टगेटच्या झडपेची चीर, अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग. मूळ मॅपवर कोड आला नाही तर गाडीत दोष नाही. मॅप मागतोय तेवढं ते हार्डवेअर देऊ शकत नाही, आणि तो लॉग घेऊन ट्यूनरकडे जायचं.